पानी, काया, जवय : घरी शिकणाऱ्या एका मुलाच्या लेखनाचं प्रकरण

“आमचा वावरात वीहिर आहे वीहिरिच पानी आबाजी मोटर लाउन संत्रयाला सोडते सुरय डोकयावर आला कि आमी झाडा खालि जेवतो काया कुतरा जवय बसते”

हे पान तन्मयच्या वहीतलं. ‘आमचं वावर’, म्हणजे शेत, या विषयावर चार ओळी लिही, असं आईने सांगितलं होतं. वय साडेनऊ, अभ्यास चौथीचा, शाळा घरीच. गाव अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. मुलाचं नाव बदललं आहे. खऱ्या नावातही जोडाक्षर आहे आणि तेही तो मोडूनच लिहायचा, म्हणून हे नाव घेतलं. वहीच्या कव्हरवर तो ‘तनमय’ लिहितो असं समजा.

‘झाडाखाली’ एक धरला तर पानावर बावीस शब्द आहेत. त्यांतले सोळा चुकलेले. आईने सोळाही शब्दांना लाल गोल केले आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. सोबत एकच ओळ: “मॅडम, कुठून सुरुवात करू तेच समजत नाही.”

लेखन-वाचनात अडखळणाऱ्या मुलांसोबत मी काम करते. या प्रकरणात रोजचं शिकवणं आईचं होतं. मी अधूनमधून गावी जाऊन बघायची, बाकीचं फोनवर.

तिसरीपर्यंत तन्मय तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटमध्ये होता. वही कायम अपूर्ण, त्यावर शेरे, डायरीत आणखी शेरे. मग सकाळी व्हॅन यायच्या वेळेला पोट दुखायला लागलं. तिसरीची परीक्षा झाल्यावर घरच्यांनी दाखला काढून आणला. आई डी.एड. झालेली आहे, नोकरी लागली नाही. ती म्हणाली, वर्षभर घरी सावरू, पाचवीचं मग बघू. इतका साधा हिशोब होता. घरी शिकवणं म्हणजे काही वेगळं तत्त्वज्ञान, असं त्या घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला गावातले गुरुजी आले तेव्हा मात्र घर घाबरलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षा होईल असं कलम त्यात नाही. उलट कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश द्यावा लागतो, म्हणजे परतीची वाट उघडी असते. मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसायचं तर वय किमान १४ पूर्ण लागतं. हे सगळं गुरुजींसमोर बसून बोललो. त्यांनी नोंद केली, चहा घेतला आणि विषय तिथेच मिटला.

सोळा चुकांची वाटणी

आईला मी पहिलं काम हे दिलं की लाल पेन बाजूला ठेवायचं आणि त्या सोळा शब्दांचे ढीग करायचे. ढीग तीन निघाले.

पहिला ढीग सर्वांत मोठा: पानी, लाउन, सोडते, आमी, काया, जवय, बसते. सात शब्द. या सातही ठिकाणी तन्मयने जसं ऐकलं तसंच, चोख लिहिलं आहे. वऱ्हाडीत काळा कुत्रा ‘काया’च असतो, तो ‘जवय’च ‘बसते’, आणि आबाजी पाणी ‘सोडते’. घरात आजी, आबाजी, वावरातल्या बाया सगळे असंच बोलतात. कानाने अचूक पकडलेला शब्द हाताने अचूक उतरवला, तर त्याला लिहिता येत नाही असं कसं म्हणायचं? त्याला प्रमाण भाषेतला शब्द माहीत नव्हता, किंवा माहीत होता पण लिहिताना तोंडातलाच आला. हे भाषा शिकण्याचं काम आहे.

दुसरा ढीग पाच शब्दांचा: आमचा, संत्रयाला, सुरय, डोकयावर, कुतरा. सगळी जोडाक्षरं. इथेही बारकाईने पाहा. ‘कुतरा’मध्ये क, त, र तिन्ही आवाज आहेत, क्रमही बरोबर आहे. ‘सुरय’मध्येही तसंच. ‘आमचा’मधला य सोडला तर आवाज निसटलेले नाहीत, फक्त जोडले गेलेले नाहीत. ‘संत्रयाला’ आणखी गमतीचा: ‘त्र’ बरोबर आला, कारण ते चिन्ह त्याच्या डोळ्यांना अख्खं परिचित होतं. त्यापुढे य जोडायची वेळ आली तिथे गाडी अडली.

तिसरा ढीग चार शब्दांचा: वीहिर, वीहिरिच, कि, झाडा खालि. पहिली-दुसरी वेलांटी. ‘वीहिर’ मला आशादायक वाटला. शब्दात एक वेलांटी ऱ्हस्व आणि एक दीर्घ आहे हे पोराला ठाऊक होतं, जागा तेवढ्या उलट झाल्या.

सोळा गोल पाहून आई खचली होती. सात-पाच-चार पाहिल्यावर ती म्हणाली, “म्हणजे सोळा नाही, तीनच गोष्टी शिकवायच्या.” नेमकं तसंच नाही, कारण चौथी गोष्ट फोटोत नीट दिसत नव्हती. ती म्हणजे हात.

तीन नमुने आणि एक तोंडी परीक्षा

आधी डोळे आणि कान. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोन्ही तपासून घेतले. डोळे ठीक होते, एका कानात मळ होता तो काढला. हे टप्पे पालक गाळतात आणि मग महिनोन् महिने पोराच्या आळसाशी भांडत बसतात.

मग लेखनाचे तीन नमुने घेतले, वेगवेगळ्या दिवशी, थकवा आडवा येऊ नये म्हणून. एक, पुस्तकातून बघून उतरवणं. दोन, श्रुतलेखन, मी सांगते तू लिही. तीन, मनाचं लिहिणं. शिवाय तेच शब्द तोंडी: ‘सूर्य’ कसा लिहायचा ते कागद न घेता सांग. हा प्रकार घरी कुणालाही करता येतो, खर्च शून्य, आणि चूक डोक्यात आहे की हातात, याचा अंदाज त्यातून बऱ्यापैकी येतो.

‘सूर्य’ त्याने तोंडी सांगितला: “सु, र, य.” कागदावरही तेच होतं. म्हणजे तो शब्द कसा लिहितात हेच माहीत नव्हतं, हाताचा दोष नाही. ‘भात’ तोंडी विचारला तर चटकन म्हणाला, “भ ला काना, त.” कागदावर आलं ‘मात’. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच पान वाचताना मला विचारतो, “मात म्हंजे काय व मॅडम?” इथे माहिती पक्की होती, हाताने दगा दिला होता.

बघून उतरवण्यातही हात मागेच होता. चार ओळींना जवळजवळ अर्धा तास. पेन्सिल मुठीत आवळलेली, अंगठा बोटांवरून पलीकडे गेलेला, दाब इतका की मागच्या पानावर उठाव. खाटेवर मांडी घालून, वही गुडघ्यावर. तिसऱ्या ओळीला हात झटकायला लागला. “सांगता येते मले. लिवाले बसलो का हात दुखते माहा.”

या मुलाला वाचता येत होतं. सावकाश, पण कळून. वाचलेल्याचं सांगताना तर थांबायचा नाही. विहिरीवरची मोटर कशी बसवतात, वरच्या नळीतून हवा कशी काढतात, हे त्याने मला सांगितलं ते मी कधीही लिहू शकणार नाही इतकं नेमकं होतं. लिहिताना तेच ज्ञान चार ओळींत आटत होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून सांगणं आणि लिहिणं वेगळं केलं. विज्ञान, परिसर, गोष्टी हे सगळं तो बोलणार आणि आई लिहून घेणार, तो बोलेल तसंच, ‘काया कुत्रा’सुद्धा. लिहिण्याचा वेळ वेगळा, थोडा, आणि त्यात फक्त लिहिणं.

बसणं, रेघ आणि भ-म

घरात टेबल नव्हतं. संत्री भरायचं प्लॅस्टिकचं कॅरेट पालथं घालून त्यावर फळी टेकवली, पलीकडची बाजू दोन विटांनी उचलली. उतार आला की मनगट आपोआप टेकतं. बसायला लाकडी स्टूल, पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकंच उंच. पाय लोंबकळत असले तर हात स्थिर राहत नाही, ही गोष्ट सांगून पटत नाही, करून बघितल्यावर पटते.

दाबासाठी कृषी केंद्राच्या बिलबुकातला कार्बन उपयोगी पडला. पानाखाली कार्बन, त्याखाली कोरं पान, आणि अट ही की खालच्या पानावर काही उमटता कामा नये. दोन-तीन ओळींपुरता हा खेळ चालायचा. पेन्सिल मुद्दाम आखूड दिली, मुठीत मावू नये म्हणून. बोटांच्या ताकदीसाठी वेगळा व्यायाम शोधावा लागला नाही. आजी घरच्या कापसाच्या फुलवाती करायची, तिने त्याला शेजारी बसवलं. सरकी काढणं, कापूस पिंजणं, दोन बोटांत वळणं. पोळ्याच्या आठवड्यात मातीचे बैल झाले, तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांत त्याच्या बैलाची शिंगं सगळ्यांत बारीक होती. गांधीजींनी स्वतःच्या वाईट अक्षराची खंत आत्मकथेत लिहून ठेवली आहे, आणि मुलांना अक्षर काढायला शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावं असं मतही. सेवाग्राम आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, पण ‘आधी चित्र’ म्हटलं की पालकांना वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तन्मयच्या बाबांनाही वाटला.

आता मुख्य भानगड. कॉन्व्हेंटमध्ये त्याने आधी इंग्रजी गिरवली, चाररेघी वहीत. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. तन्मय मराठी अक्षरंही खालच्या रेघेवर बसवायचा, मग कुणी उंच, कुणी बुटकं, आणि डोक्यावरून शिरोरेषा ओढली की ती लाटेसारखी वरखाली जायची. त्याला दुरेघी वही दिली आणि वरची रेघ हिरव्या पेनाने गडद करून दिली: अक्षर इथून खाली टांगायचं. एवढ्या एका बदलाने पान वाचण्याजोगं झालं, बाकी काही सुधारण्याआधीच.

शिरोरेषा प्रत्येक अक्षराला वेगळी द्यायची की शब्द संपल्यावर एकदम? मी शब्द संपल्यावर एकदम द्यायला सांगते. एक शब्द, एक रेघ, आणि रेघ ओढताना शब्द पुटपुटायचा. ‘झाडा खालि’सारखे तुटलेले शब्द त्याने कमी होतात. पण यात एक खड्डा आहे, आणि तन्मयचा ‘मात’ त्याच खड्ड्यातला. भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ सलग नसते, डाव्या बाजूला ती उघडी राहते. मूल सुसाट रेघ ओढत गेलं की भ चा म होतो, ध चा घ होतो, थ चा य वाटायला लागतो. एकरेघी वहीत तर छापील रेघच शिरोरेषेचं काम करते आणि हे उघडं डोकं तिथे दिसतच नाही. म्हणून नियम केला: भ, ध, थ आले की पेन्सिल उचलायची. पंधरवडाभर तो ‘उचल’ असं मोठ्याने म्हणत लिहायचा. आजीला वाटलं, पोराला भूत लागलं.

ल आणि श चीही एक छोटी अडचण निघाली. आई इंटरनेटवरून गिरवायचे तक्ते छापून आणायची, ते हिंदीचे होते. हिंदी छपाईतला ल दंडाचा, आपला पाकळ्यांचा. श चंही तेच, आपला देठाचा. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले आहेत. पोराला बालभारतीच्या पुस्तकात एक आकार आणि तक्त्यावर दुसरा दिसत होता. तक्ते बंद केले. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातलंच पान मोठं करून छापलं की काम भागतं.

बोलीचं खातं

वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘घरचं’, उजवीकडे ‘पुस्तकातलं’. डावीकडे डोया, उजवीकडे डोळा. काया–काळा, केयी–केळी, पानी–पाणी, मले–मला. डावी बाजू खोडायची नाही आणि तिला चूक म्हणायचं नाही, हे आईला दोनतीनदा सांगावं लागलं. डी.एड.ला ‘अशुद्ध’ हा शब्द फार शिकवतात.

तन्मयला हा खेळ आवडला. आजीच्या तोंडून शब्द पकडून आणायचा. आठवड्यात त्याने नियम स्वतःच काढला: घरी य, पुस्तकात ळ. आणि लगेच लिहिलं: “आमची गाळ दूध देते.” आई हसली, तो रुसला. “गायले पुस्तकात गाळच म्हंतात ना?” त्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं. पानी चं पाणी होतं म्हटल्यावर ‘मन’ चं ‘मण’ आणि ‘पान’ चं ‘पाण’ही होऊन गेलं. अशा अतिदुरुस्तीच्या चुका दिसल्या की मी तरी खूश होते, कारण मूल आता ऐकलेलं नुसतं उतरवत नसून नियमाने विचार करत असतं. उपाय म्हणून तिसरं खातं उघडलं, ‘दोन्हीकडे सारखं’: गाय, पाय, मन, पान, वन. शंका आली की आधी तिसऱ्या खात्यात बघायचं.

र चे अवतार

जोडाक्षरांसाठी जाड पुठ्ठ्याची अक्षरं कापली. ज्यांना शेवटी दंड आहे ती, म्हणजे च, त, न, म, स, ब, ग वगैरे, दंडापाशी खरंच कात्रीने कापायची आणि पुढच्या अक्षराला चिकटवायची. ‘तन्मय’ हा पहिला शब्द त्याने असाच जोडला. न चा दंड कापला, म ला लावला. ‘आमच्या’ही तसाच. क आणि फ चं शेपूट मुडपतं, ट, ठ, ड, द, ह हे वेगळं वागतात, ते नंतरसाठी ठेवले.

र मात्र कात्रीने कापता येत नाही. त्याच्यासाठी वही सोडून बाहेर पडावं लागलं, आणि आमच्या भागात पाट्यांवर र चे सगळे अवतार मिळतात. ‘वर्धा’ आणि ‘पूर्णा’ या नद्यांवर रफार. ‘कृषी केंद्र’ या पाटीवर द्र मधला र, आणि र सारखाच वाटणारा कृ मधला ऋ. ‘ट्रॅक्टर’मध्ये ट च्या पायाखालची टोपी. ‘वऱ्हाड’मध्ये आडवा पडलेला र. बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून तो पाट्या गोळा करायचा, घरी आल्यावर र च्या रूपाप्रमाणे वेगवेगळ्या पानांवर लिहायचा.

रफार सर्वांत जड गेला आणि त्याला कारण आहे. ‘वर्धा’ म्हणताना र आधी ऐकू येतो, लिहिताना तो पुढच्या ‘धा’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलट: ‘कि’ म्हणताना इ नंतर येते, पण ती काढलेली दिसते क च्या आधी. कानाचा क्रम आणि कागदाचा क्रम जिथे जुळत नाही, तिथे तन्मयसारखी मुलं अडखळतात, कारण ती कानावर भिस्त ठेवून लिहितात. म्हणून हाताचा क्रम ठरवून दिला. आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराच्या शब्दात आधी पुढचं अक्षर पूर्ण काढायचं, मग ‘डोक्यावर र’ म्हणून तो ठेवायचा. गावाशेजारच्या धरणाचं नाव ‘ऊर्ध्व वर्धा’ आहे. ते लिहिताना मोठी माणसंही दचकतात, तन्मयला मी ते लिहायला लावलं नाही. त्याने एकदा आपणहून लिहून आणलं. रफार चुकीच्या अक्षरावर होता, पण होता.

वेलांट्या: दोनच नियम

मराठी लेखनाचे नियम अठरा आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. साडेनऊ वर्षांच्या मुलाला त्यांतले दोन पुरतात. एक, शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर दीर्घ: पाणी, खाली, आजी, गहू, की. अपवाद ‘आणि’, तो पाटीवर मोठा लिहून भिंतीला लावला. दोन, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि शब्द पुढे वाढला की तीच ऱ्हस्व: फूल–फुलं, मूल–मुलं, गरीब–गरिबाला, विहीर–विहिरी. हे कानालाही कळतं. ‘फूल’ म्हणताना आवाज लांबतो, ‘फुलं’ म्हणताना आखडतो. टाळी वाजवत म्हटलं की फरक ठसतो. ‘गुण’, ‘मंदिर’ असे संस्कृतातून आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते भेटतील तेव्हा भेटतील. ‘कि’ आणि ‘खालि’ पहिल्या नियमाने पार गेले. ‘विहीर’ अजूनही एक दिवस बरोबर आणि एक दिवस उलटी असते.

वेचणीची वही

दिवाळीच्या सुमारास कापूस निघायला लागला. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते, संध्याकाळी वजन करून नाव आणि किलो वहीत टिपायचे असतात. हे काम आबाजींनी तन्मयकडे दिलं. माझ्या कुठल्याही स्वाध्यायाने झालं नाही ते या वहीने केलं, कारण इथे वाचणारं कुणीतरी होतं आणि पैसे त्यावर ठरत होते. एका आठवड्यात रुखमाबाईचे सतरा किलो हिशोबात अकरा लागले. तन्मयचा ७ वरून गोल न होता सरळच खाली आला होता. रुखमाबाई अंगणात उभी राहून म्हणाली, “बाप्पा! माहे सतरा होते, अकरा कोनं लिवले?” कुणी रागावलं नाही, हिशोब लगेच दुरुस्त झाला. त्या रात्री त्याने सगळ्या पानांवरचे ७ पुन्हा गिरवले. बायांची नावंही त्याने विचारून विचारून लिहिली. ‘शकुंतला’मधला अनुस्वार कुठे, यावर शकुंतलाबाई आणि तो दोघंही अडले, मग तिचं आधार कार्ड आणून पाहिलं.

वेचणी संपताना आईने ‘आमचं वावर’ पुन्हा लिहायला दिलं. जुनं पान दाखवलं नाही. या वेळी लेखन जवळपास दुप्पट लांब होतं. ‘काळा’, ‘जवळ’, ‘पाणी’ पुस्तकातले आले. ‘सोडते’, ‘बसते’ तसेच राहिले, क्रियापदातली बोली सुटायला वेळ लागतो. ‘सूर्य’ला रफार होता, उकार पहिलाच. ‘कुत्रा’ बरोबर. पूर्णविराम दोन. हात मात्र दुखतोच, दहा-पंधरा मिनिटांनंतर अक्षर सैल होत जातं.

तपासणी करायची का

या हातामुळेच मी आईला रीतसर तपासणीचा विषय काढला. लेखन-अक्षमता आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळत होतं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासावं लागत होतं. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेच्या, चाचण्यांचा ‘डाली’ नावाचा संच मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केला, त्यात मराठीही आहे. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी चाचणी लावली तर निकालावर विश्वास ठेवू नका, एवढं मी सगळ्याच पालकांना सांगते. सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून करता येते. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळांमध्ये मुलं तपासतं आणि गरज असलेल्यांना तिकडे पाठवतं. घरी शिकणारं मूल या पथकाला भेटतच नाही, म्हणून पालकांनीच न्यावं लागतं.

आबाजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आमच्या पोराले अपंग ठरवता का मॅडम?” प्रश्न टोचणारा असला तरी टाळण्यासारखा नव्हता. मी त्यांना प्रमाणपत्राचा उपयोग सांगितला: ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता निघाली तर पुढे परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. आज चौथीत त्याची गरज नाही. दहावीत पडू शकते. तपासणी करून कागद पेटीत ठेवला तरी चालतो. आबाजी म्हणाले, वेचणी संपू द्या. आई अमरावतीला नाव नोंदवून आली आहे.

आता पाचवीचं. चार किलोमीटरवर मराठी शाळा आहे. आईला अजून एक वर्ष घरी हवं आहे. माझं मत शाळेच्या बाजूने आहे: लेखन घरी सावरलं, पण त्याला सोबतीला पोरं नाहीत, आणि इंग्रजी स्पेलिंगला आम्ही अजून हातही लावलेला नाही, ते एकट्या आईने ओढू नये. तन्मयला विचारलं तर त्याचा आक्षेप एकच आहे, की फळा पुसायच्या आत त्याचं उतरवून होत नाही. शाळेतले फळ्याचा फोटो काढू देतील का, निबंध तोंडी घेतील का, आणि चुका मोजताना बोलीचे शब्द वेगळे धरतील का, हे तीन प्रश्न आईने कागदावर लिहून ठेवले आहेत. मुख्याध्यापकांनी सोमवारी बोलावलं आहे.